निम्म्या वाटेवरचे अण्णा

आमच्या देवासात थोरल्या पातीचं आणि धाकट्या पातीचं एरवी कशावर म्हणून एकमत होत नाही. रस्त्याची ही कड एका राजाची, ती कड दुसऱ्याची, आणि मधल्या धुळीवरून सुद्धा भांडण. पण माझ्या भावाला नावं ठेवायची म्हटली की दोन्ही कडांची मंडळी मांडीला मांडी लावून बसतात. "मोरोपंत मास्तर माणूस चांगला हो, पण तो एक धडा त्यांना कधी आलाच नाही." हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता नुसतं ‘तो एक धडा’ म्हटलं तरी माझं टाळकं फिरतं.

तो धडा अनंत श्रेढीचा. एकाचं निम्मं घ्यायचं, त्यात त्या निम्म्याचं निम्मं मिळवायचं, पुन्हा त्याचं निम्मं, आणि ही बेरीज चाललीच आहे, संपायचं नाव नाही. दादा जन्मभर इथल्या शाळेत गणित शिकवत होता. हा धडा आला की तो पानं उलटायचा आणि मुलांना सांगायचा, "हे घरी वाचा." झालं! लोकांनी ठरवून टाकलं की मास्तरांना येत नाही. अरे, त्याला येत नव्हता तर मग जगात कोणालाच येत नव्हता. मी बकुळा, त्याची धाकटी बहीण. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण गणितातला हा एवढा एक धडा मला सुद्धा येतो, कारण तो आमच्या अंगणापर्यंत चालत आला होता.

आमचं माहेर धारचं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, दरबारात जमाबंदीच्या दफ्तरात कारकून होते. घर गावाबाहेर, तलावाच्या पलीकडे. आमच्या उंबऱ्यात उभं राहिलं की समोर सरळ वाट दिसायची, थेट तलावाच्या पाळीपर्यंत. मध्ये एक चिंच, अलीकडे विहीर, तिच्या अलीकडे तेल्याची घाणी, आणि मग आमचं फाटक.

अण्णांकडे एक काळी छत्री होती. ती त्यांनी कधी उघडली नाही. उन्हात म्हणायचे, कापड विटेल. पावसात म्हणायचे, कापड कुजेल. काखेत धरून कचेरीत जायचे आणि काखेत धरून परत यायचे. माई, आमची आई, त्यांना हसायची, "तिला सांभाळताय की ती तुम्हाला?"

सन एकोणीसशे पाच-सहाची गोष्ट असेल. ज्येष्ठातली भर दुपार होती. दादाने एन्ट्रन्सची, म्हणजे कॉलेजच्या प्रवेशाची, परीक्षा दिली होती आणि इंदूरहून डाकेने निकाल कचेरीत आला. दादा पास! अण्णांना संध्याकाळपर्यंत दम निघेना. साहेबाची रजा काढून, कागद हातात आणि छत्री काखेत घेऊन निघाले. मालव्यातलं ते ऊन. पाळीवर आले आणि पडले. धोबिणींनी हाका मारल्या, माई लोटा घेऊन धावली. त्या बायका सांगत होत्या की पडल्या पडल्या ते आमच्या घराकडे बघून "पाणी, पाणी" म्हणत होते. माई पोचली तोवर संपलं होतं. लोटा तिच्या हातात भरलेलाच राहिला.

दहाव्याला घाटावर बायकांना नेत नाहीत, तेव्हा पुढचं मला तात्यांनी सांगितलं. तात्या म्हणजे आमचे धाकटे काका. पिंड मांडले, पण कावळा शिवेना. भोवती बसले होते, चांगले पाच-सहा, मान वाकडी करून बघत होते, पण एक पुढे येईल तर शपथ. अशा वेळी गेलेल्याची इच्छा ओळखून वचन द्यायचं असतं. तात्या अण्णांना उद्देशून म्हणाले, "दादा, वहिनींना अंतर देणार नाही." कावळा ढिम्म. "बकूचं लग्न मी करून देईन." तरी ढिम्म. ऊन चढत चाललं, भटजी दर्भाचा कावळा करायच्या बेताला आले. तेव्हा आमचा दादा पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "अण्णा, मी कॉलेजात जाईन. इंटरचं गणित पास होईन आणि तो निकाल तुमच्यापुढे ठेवीन."

एक कावळा टुणकन आला आणि पिंड घेऊन गेला.

घरी येताना तात्यांनी त्याला वाटेतच झापलं. "अरे बावळटा, पास होईन म्हणायचं आणि गप्प बसायचं! ‘तुमच्यापुढे ठेवीन’ कशाला? आता त्यांना तोवर थांबावं लागेल ना!" दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला काही समजलं नसावं. तोंडातून निघून गेलं ते गेलं.

दादा इंदूरला कॉलेजात गेला. संस्कृतात तो कसा सुरेख चालायचा, पण गणित म्हणजे त्याच्या गळ्यातला दगड. तिथलं गणित आणि एन्ट्रन्सचं गणित यांत जमीन-अस्मानाचा फरक. अक्षरांची समीकरणं, कोनांची कोष्टकं, शंकू कापून निघणाऱ्या वक्ररेषा, आणि सगळं इंग्रजीत. सुट्टीत घरी आला की ओट्यावर बसून मोठमोठ्याने घोकायचा. मी विचारायची, "म्हणजे काय रे दादा?" तो म्हणायचा, "म्हणजे काय ते विचारू नकोस, पाठ झालं म्हणजे झालं." असं करून कोणी गणितात पास होतं का? पहिल्या वर्षी बाकी सगळ्यात पास, गणितात नापास.

त्या ज्येष्ठात वर्षश्राद्ध आलं. जेवणाआधी कावळ्याचा घास ठेवायला माई उंबऱ्यात उभी राहिली आणि हातातलं पान तसंच धरून म्हणाली, "बकू, पाळीवर कोण उभं आहे बघ गं."

मी बघितलं. पाळीवर, जिथे अण्णा पडले होते तिथेच, एक माणूस उभा होता. तोंड आमच्याकडे. हलत नव्हता. ज्येष्ठात बरोबर माथ्यावर सूर्य आला की धारला कोणाचीच सावली पडत नाही, माणसाची नाही आणि झाडाचीही नाही, तेव्हा ती खूण पाहायची सोय नव्हती. दादा मागून येऊन उभा राहिला. त्यालाही दिसलं, कारण त्याने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. तात्या आत पत्रावळी मांडत होते. त्यांना बोलावलं तर बाहेर येऊन म्हणाले, "कुठे काय? ऊन आहे नुसतं. चला, पंगत खोळंबलीय." आम्ही पुन्हा वळून बघितलं तर पाळ मोकळी होती.

दुसऱ्या वर्षी दादा पुन्हा नापास. तिथीच्या दुपारी तो माणूस चिंचेखाली होता, बरोबर निम्म्या वाटेवर. या वेळी काखेतली छत्री ओळखू आली. माई नुसतंच "अगंबाई" म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. तिसऱ्या वर्षी मी लग्न होऊन देवासला आले होते, पण तिथीला माहेरी गेले. दादा पुन्हा नापास झालेला. अण्णा विहिरीशी होते. हातात घडी घातलेला कागद होता. भीती तर वाटलीच. पण खरं सांगू? मला त्यांच्याकडे बघतच राहावंसं वाटत होतं. तीन वर्षांनी आपल्या वडिलांचे हात दिसले तर माणूस डोळे मिटून घेतो का?

त्यांना चालताना कधी कोणी पाहिलं नाही. उभे असायचे, आणि घास उचलून कावळा उडाला की नसायचे.

चौथ्या वर्षी ते तेल्याच्या घाणीपाशी आले. इतक्या जवळून तोंड दिसलं. कपाळावर घाम होता. ओठ सुकून भेगाळलेले होते आणि हलत होते. काय म्हणत होते ते कळायला ऐकू यायची गरज नव्हती. माईने आतून लोटा भरून आणला आणि लाल लुगड्याचा पदर सावरत, अनवाणी, त्या तापलेल्या धुळीतून धावत सुटली.

आणि तिथे मी जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. माई घाणीपाशी पोचली आणि इकडे तिकडे बघायला लागली. तिला कोणी दिसत नव्हतं. आम्हाला उंबऱ्यातून स्पष्ट दिसत होतं की ते तिच्या अगदी शेजारी, हातभर अंतरावर उभे आहेत. तिने आमच्याकडे वळून ओरडून विचारलं, "कुठे आहेत रे? कुठे आहेत?" दादा ओरडला, "माई, उजवीकडे! तुझ्या उजवीकडे!" तिने उजवीकडे लोटा पुढे केला. अण्णा पाण्याकडे बघत होते, पण त्यांनाही ती दिसत नसावी, कारण ते तिच्यातून आरपार आमच्या दाराकडे बघत होते. माईने पाणी हवेतच ओतलं. ते धुळीत पडलं आणि जिरलं. घाणीचा बैल मात्र गोल फिरायचा थांबला होता आणि कान टवकारून तिकडे बघत होता.

ते आम्हाला दिसायचे ते फक्त उंबऱ्यातून. म्हणजे उंबऱ्यातल्या माणसाने तिकडे जाऊन उपयोग नाही, त्यांनीच इकडे यायला हवं, हे माईला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माई परातीत गहू निवडत होती. दादा तिच्यासमोर येऊन बसला. चेहरा कसा तरीच झालेला. कोळशाचा तुकडा घेऊन त्याने फरशीवर एक लांब रेघ ओढली. म्हणाला, "माई, बकू, बघा. ही आपली वाट. ही पाळ. हे आपलं दार. निम्म्यावर चिंच. उरलेल्याच्या निम्म्यावर विहीर. त्यातून उरलेल्याच्या निम्म्यावर घाणी." त्याने एकेक खूण केली. "यंदा आमच्या मास्तरांनी हेच शिकवलं. वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीकडे निघायचं आणि दर वेळी उरलेल्याचं निम्मंच चालायचं. सगळी पोरं लिहून घेत होती आणि मला घाम फुटला होता. मी उठून विचारलं, सर, मग माणूस पोचतो की नाही? म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाले, पावलागणिक विचारशील तर नाही, कधीच नाही, थोडं उरतंच. पण सगळी पावलं एकदम मांडलीस तर बेरीज बरोबर एक येते. म्हणजे पोचतो. मी म्हटलं, सगळी पावलं एकदम कोण चालणार? तर हसले. म्हणाले, कागदावरच, बाबा."

मी विचारलं, "म्हणजे अण्णा पुढच्या वर्षी फाटकाशी येतील?"

"नापास झालो तर फाटकाशी. मग तुळशीपाशी. मग पायरीशी. मग पायरी आणि उंबऱ्याच्या मध्ये. जवळ येत राहतील, बकू, आणि आत कधीच येणार नाहीत. तहानलेले तसेच दारात उभे राहतील. मी मरेपर्यंत." त्याने घाणीच्या खुणेवर बोट ठेवलं. "मला हे गणित आता समजलंय. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी समजलंय. यंदा मी पास होणार आणि त्यांना सोडवणार."

माईचे हात गव्हात तसेच थांबले होते. ती हळूच म्हणाली, "मोरू, यंदा राहू दे."

"काय राहू दे?"

"पास व्हायचं. यंदा नको होऊस. फाटकाशी येऊ देत. मग तुळशीपाशी. आत नाही आले तर नाही आले. पायरीपर्यंत आले तर मी इथून उंबऱ्यात बसून हात लांबवून पाणी पाजीन रे. माझा हात पुरेल."

मला असा संताप आला! मी म्हटलं, "माई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? त्याने जन्मभर नापास व्हायचं? त्याचं लग्न, नोकरी, काही नको? आणि अण्णांनी असं उन्हात उभं राहायचं?" ती माझ्यावर खेकसली, "तू गप गं! तुझा नवरा संध्याकाळी घरी येतो." दादा फरशीवरची रेघ तळहाताने पुसत बसला. संध्याकाळच्या टांग्याने तो इंदूरला गेला.

ते वर्ष माझं कसं गेलं ते माझं मला माहीत. देवासला सासरी पोळ्या लाटायची आणि मनात एकच, दादा काय करील? एकीकडे बापाची सुटका आणि दुसरीकडे आईचा तो लांबवलेला हात. परीक्षा झाली. त्याने पुढे मला सांगितलं की पेपरात नेमका तोच प्रश्न आला होता. निम्मं, पाव, आठवा भाग, बेरीज काढा. तो बराच वेळ दौतीकडे बघत बसला. शेजारच्यांची पानंच्या पानं भरून झाली, पहारा करणारे मास्तर दोनदा येऊन विचारून गेले की बरं वाटत नाही का. मग त्याने टाक बुडवला आणि उत्तर लिहिलं.

पास झाला. गणितात चांगला पास झाला.

तिथीला सगळे जमलो. तात्यांनी पेढे आणले होते. माई दादाशी धड बोलत नव्हती, पण सकाळीच तिने घासून लख्ख केलेला लोटा भरून फाटकाच्या दगडावर नेऊन ठेवला. दादाने निकालाचा कागद त्या लोट्याशेजारी ठेवला आणि वर खडा ठेवला. वचन दिलं होतं ना, पुढे ठेवीन म्हणून. मग आम्ही तिघं उंबऱ्यात उभी राहिलो. ऊन माथ्यावर आलं. घाणीचा आवाज बंद पडला. माई फाटकाकडे डोळे फाडून बघत होती. मीही बघत होते. फाटक होतं, दगड होता, लोटा होता. कोणी आलं नाही.

कावळा आला, घास घेऊन गेला. मी दादाकडे बघितलं तर तो फाटकाकडेच बघत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मला वाटलं, सुटले म्हणून रडतोय.

माई उन्हं कलेपर्यंत तिथेच बसून राहिली. मग फाटकाशी गेली, लोटा उचलून आत घेऊन आली आणि दादापुढे ठेवला. "पास झालास ते चांगलं केलंस," ती म्हणाली. "पण हा बघ, भरलेलाच राहिला." त्यानंतर या विषयावर ती कधी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून दादाला पहिल्यासारखं वाढायला लागली, त्याच्या लग्नात हौसेने राबली, आणि गेली तेव्हा त्याच्याच मांडीवर गेली.

दादा पुढे माझ्यापाठोपाठ देवासला मास्तर म्हणून आला. त्याला मूलबाळ नव्हतं, वहिनी लवकर गेली, म्हणून शेवटी माझ्याच घरी होता. गेल्या ज्येष्ठात ताप आला, डॉक्टरांनी हात टेकले. एके दुपारी मी उशाशी बसून वारा घालत होते. तो डोळे न उघडता म्हणाला, "बकू, त्या दिवशी ते आले होते."

"कोण?"

"अण्णा. फाटकाशी. तुम्हाला दोघींना दिसत नव्हते, ते माझ्या लक्षात आलं. वचन माझं होतं ना. त्यांनी लोट्याकडे हात केला. हात निम्म्यापर्यंत आला, आणि शेजारचा कागद दिसला. हात तसाच मागे घेतला. कागद वाचला. असे हसले गं, असे हसले! मग छत्री उघडली."

"छत्री उघडली?"

"उघडली. डोक्यावर धरली आणि पाळीकडे चालत गेले. पहिल्यांदा चालताना दिसले. वळून पाहिलं नाही." तो थांबला. श्वास पुरत नव्हता. "पाणी नाही प्यायले. माईला मी हे कधी सांगितलं नाही. बकू, मी कागद जरा लांब ठेवला असता, नाहीतर पास झालोच नसतो, तर प्यायले असते का गं?"

सारा जन्म हा माणूस तो धडा आला की पानं उलटत होता, त्याचं कारण हे. आणि लोक म्हणतात, त्याला येत नव्हतं!

मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "नाही रे दादा. तूच शिकवलंयस मला. हात निम्म्यापर्यंत आला, मग उरलेल्याच्या निम्म्यापर्यंत आला असता, मग पुन्हा निम्म्यापर्यंत. लोट्याला कधीच लागला नसता. तू सोडवलंस त्यांना." त्याला हे माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत होतं. पण माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मग अगदी वर्गातल्या पोरासारखं त्याने विचारलं, "आणि सगळी पावलं एकदम मांडली तर?"

त्याचे ओठ सुकून भेगाळले होते. मी लोटा उचलला, त्याची मान वर केली आणि त्याच्या तोंडाला लावला. सगळा प्यायला.